पोयाची माशी आणि माझी जीभ

मधमाशी म्हटलं की माणसाला दोनच गोष्टी सुचतात. पळायचं, नाहीतर चाटायचं. एकतीस वर्षं मी मधुक्षेत्रिक म्हणून सरकारी नोकरी केली. गावोगाव फिरून लोकांना पेटीत मधमाश्या पाळायला शिकवणं हे माझं काम. एवढ्या वर्षांत तिसरी गोष्ट सुचलेली माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी भेटली. संपादकांनी फोन करून 'नोकरीतल्या गोड आठवणी' मागितल्या, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "म्हणजे तुम्हीही चाटणाऱ्यांपैकीच." ते हसले. संपादकांना हसणं परवडतं. माझ्या बोलण्यावर हसल्यामुळे एका माणसाची नोकरी गेली होती, तीच गोष्ट सांगते.

ती सांगण्याआधी माशीची ओळख करून द्यायला हवी. आग्या आणि सातेरी लोकांना ऐकून ठाऊक असतात. पोयाची माशी सांगितली की लोक विचारतात, "ही पण मधमाशी?" डासाहून जरा जाड, काळी, बारीक. नांगी नावापुरती, टोचण्याच्या कामाची नाही. आमच्या मावळात ती आंब्याच्या ढोलीत राहते, जुन्या दगडी भिंतींत राहते, आणि आता विजेच्या मीटरच्या खोक्यातही राहते. घर ओळखायचं ते दारावरून. मेण आणि झाडाची राळ एकत्र मळून केलेली, करंगळीएवढी एक नळी भिंतीतून बाहेर आलेली असते. तिच्या तोंडाशी चार-सहा पहारेकरी माश्या बसलेल्या. मुंगी आली की तिच्या अंगाला चिकट राळ फासतात. माणसाने खोडी काढली तर त्याच्या केसांत, कानांत, भुवयांत शिरतात आणि चावतात. चावा मुंगीएवढाही नसतो. माणूस मात्र आग्यामोहोळ उठल्यासारखा बोंबलतो.

आत षट्कोनी पोळं नसतं. मध साठवायला मेणाची छोटी छोटी बुडकुली असतात, द्राक्षांच्या घोसासारखी एकमेकांना चिकटलेली. मध पातळ, आंबटगोड आणि अगदी थोडा. पिल्लांच्या कोठड्या वेगळ्या. कामकरी माश्या एक कोठडी बांधतात, तिच्यात अन्न ओततात, मग राणी येऊन त्या अन्नावर एक अंडं घालते. लगेच कोठडी बंद. आतल्या जिवाने तेवढ्या शिदोरीवर मोठं व्हायचं आणि झाकण कुरतडून बाहेर यायचं, मध्ये कोणी विचारपूस करायला येत नाही.

राणीची गोष्ट आणखी वेगळी. अंडी घालायला लागली की तिचं पोट इतकं फुगतं की तिला उडता येत नाही. सातेरीची जुनी राणी घर लेकीच्या हवाली करून स्वतः निघून जाते. पोयाची आई कुठेही जात नाही. घर सोडते ती लेक, तीही आधी सगळी तयारी झाल्यावर. कामकरी माश्या कितीतरी दिवस जुन्या घरातून राळ, मेण, मध नेऊन नवी जागा सजवतात, मग तरुण राणी तिकडे जाते.

हे मला नीट कळायच्या आधी माझ्या हातून एक घर बुडालं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. सोमाटण्याच्या एका आबांच्या गोठ्याच्या भिंतीत पोयाची वसाहत होती. मी पहार घेऊन भिंत फोडली, हाताला लागल्या तेवढ्या कोठड्या आणि बुडकुली पेटीत भरली. राणी सापडली नाही. "येईल उडत पेटीत," असं आबांना ऐटीत सांगून मी निघून आले. आठ दिवसांनी गेले तर पेटीत मुंग्या. आबा ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "बाई, त्यांची आय मला मातीत गावली. उडती का बगावं म्हून फुकून पायली. न्हाई उडली." बस, एवढंच. चहासुद्धा पाजला त्यांनी. त्या चहाची लाज मला अजून वाटते.

तेव्हापासून मी या माशीच्या बाजूने भांडायला लागले आणि माझ्या जिभेला धार आली. गिऱ्हाइकं तशीच भेटत गेली. तळेगावजवळच्या एका पॉलीहाउसवाल्याने मला बोलावून सांगितलं की त्याला पोयाच्या वीस पेट्या हव्यात. विचारलं, पीक कोणतं? तर गुलाब. फुलं कळी असतानाच तोडून परदेशी धाडायची. मी म्हणाले, "साहेब, तुम्हाला ना फळ हवं ना बी. मग माशी काय पुष्पगुच्छ बांधायला बसवू?" त्याला राग आला. येऊ दे. त्याच्या हाताखालचं कोणी तेव्हा समोर नव्हतं, म्हणून तो राग कोणावर निघाला नाही.

आता लोणावळा. मी निवृत्त होऊन तळेगावला स्थायिक झाले होते. दिवाळी नुकतीच झाली होती. एका दुपारी फोन आला.

"मॅडम, मी नामदेव. लोनावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला बंगल्यावर माळी हाय. आमच्या भितीत बारीक माशी हाय, पोयाची. शेठ म्हनत्यात रॉकेल वत. माजा हात व्हईना. तुमी येता का?"

नामदेवभाऊ पवन मावळातले शेतकरी घरातले. पन्नाशीचे, अंगाने काटक. बायको शकुंतला आणि बारावीतली मुलगी सायली यांच्यासह बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायचे. बंगला जुना, दगडी जोत्याचा. मालकाने मुंबईहून येऊन तो पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. त्याचं नाव लिहीत नाही. नामदेवभाऊ शेठ म्हणायचे, मीही तेच म्हणते.

प्रकार असा झाला होता. पाहुण्यांपैकी एका शहाण्याने व्हरांड्यातल्या भिंतीतून आलेली नळी पाहिली आणि कोळशावर पनीर भाजायची सळई तिच्यात खुपसली. माश्या बाहेर आल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मेहुणीच्या मोकळ्या केसांत शिरल्या. केसांना राळ लागली. त्या बाईने 'बंगला सुंदर, पण अंगावर किडे सोडतात' असं इंटरनेटवर लिहून पाचपैकी एकच चांदणी दिली. सळईचा उल्लेख नाही. आपल्याकडे सळई खुपसणारा कधीच कुठल्या तक्रारीत नसतो.

मी भिंत पाहिली. वसाहत चांगली जुनी होती, नळी जाड, पहारा दणकट. नामदेवभाऊ शेजारी उभे राहून कौतुकाने म्हणाले, "मी आलो तवापास्न हाय ही. भोपळ्याच्या आन दोडक्याच्या फुलावर रोज बसती. कुनाला कदी काय केलं न्हाई." मी मनात म्हटलं, हा बोटांवर मोजायच्या माणसांतला.

मी त्यांना उपाय समजावला. भिंत फोडायची नाही. नळीच्या जागी प्लास्टिकची एक बारीक नळी बसवायची आणि ती एका लाकडी पेटीत सोडायची. पेटीला पलीकडून दुसरं दार. म्हणजे माश्यांना जाता-येता पेटीतूनच जावं लागतं. हळूहळू त्या पेटीत राळ आणतात, बुडकुली बांधतात. मग दुसऱ्या वसाहतीतल्या थोड्या कोठड्या आत ठेवायच्या, त्यात राणीची एक मोठी कोठडी. तिच्यातून नवी राणी निघाली, अंडी घालू लागली, की पेटी वेगळी करायची. पेटी व्हरांड्याच्या टोकाला राहील, त्यामुळे माश्यांची ये-जा पाहुण्यांच्या डोक्यावरून होणार नाही.

तेवढ्यात शेठ आले. बरोबर त्या दिवशीचे सात-आठ पाहुणे, हातात कॉफीचे पेले.

"मॅडम, प्रोसेस मला नको. कधी होईल ते सांगा. शनिवारी मोठा ग्रुप आहे."

"पाच-सहा महिने लागतील."

"सहा महिने? शनिवारपर्यंत नाही का होणार? एक्स्ट्रा माणसं लावा."

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पाहुणे ऐकत होते, आणि समोर ऐकणारे असले की माझी जीभ जास्त चालते. मी म्हणाले, "शेठ, ती राणी आहे, चेक-आउट करणारी पाहुणी नव्हे. आणि या माश्यांबद्दल तुमच्या माळ्याला जेवढं कळतं, तेवढं कळायला तुम्हाला आणखी एक जन्म घ्यावा लागेल."

पाहुणे खो खो हसले. शेठही हसले, "मॅडम फनी आहेत हां!" म्हणाले. आणि नामदेवभाऊ हसले. चांगलं दिलखुलास, दात दिसतील असं. शेठने वळून ते हसणं पाहिलं. मीही पाहिलं की त्यांनी पाहिलं. तरी मी खूशच होते. पेटी बसवली, नळी लावली आणि आपण काय फटकारलं असं मनाशी घोळवत तळेगावला परतले.

दोन आठवड्यांनी पेटी तपासायला गेले तर नळी लोंबत होती आणि पेटी कोपऱ्यात पालथी पडली होती. एक नवाच माणूस झाडांना पाणी घालत होता. नामदेवभाऊंचं विचारलं तर म्हणाला, "त्यांना काढलं. खोल्या पण खाली करून घेतल्या."

विचारत विचारत मी त्यांना शोधून काढलं. खाली वस्तीत पत्र्याची एक खोली घेऊन ते राहत होते. नामदेवभाऊ काम शोधायला बाहेर गेले होते. सायली दारात पुस्तक घेऊन बसली होती. शकुंतलाबाईंनी मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काय व्हायचं? तुमी बोलला, ह्ये हासले. शेठ म्हनला, तुला लय कळतंय न्हवं, मग जा कुटं कळतंय तितं." त्यांनी पदर खोचला. "मॅडम, तुमच्या त्या माशीला नांगी न्हाई म्हनत्यात. तुमाला हाय. पन ती टोचली कुनाला?"

मी म्हणाले, "मी शेठशी बोलते."

"आता आनि बोलू नका," त्या म्हणाल्या. मग पोरीकडे पाहून आवाज खाली आणला. "हिचं बारावीचं वर्स हाय. परीक्षेपातुर तरी ऱ्हायला जागा पायजे व्हती. गावाकडनं कॉलेजला यायला एश्टी धड न्हाई."

मी रस्त्यावर आले. एवढी वर्षं मी लोकांना हिणवत आले. गुलाबवाल्याला, बंगलेवाल्यांना, मध चाटायला येणाऱ्या साहेबांना. त्यातला एकही माझं काही बिघडवू शकत नव्हता, म्हणून मी स्वतःला शूर समजत होते. सरकारी नोकरी आणि नंतर पेन्शन, माझं दार बाहेरून कोणी फोडू शकत नव्हतं. नामदेवभाऊंचं फोडता येत होतं, आणि ते कुठे आहे ते मीच दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेठला भेटले. माफी मागितली. हे लिहिताना अजून दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं.

शेठ मोबाइलमध्येच बघत होते. "कोण नामदेव? अच्छा, माळी! अरे, तो स्वतःच गेला ना." आपण माणसाला हाकललं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग त्यांनी मान वर केली. "बट मॅडम, त्या दिवशी गेस्ट तुमच्यावर फुल खूश होते. त्यांनी लिहिलंय बघा, 'बी लेडी' मजेदार आहे. असं करा ना, दर शनिवारी येऊन गेस्टना माश्यांची माहिती द्या. अर्धा तास. तो नवा माळी माश्यांचं सांभाळेल, तुम्ही बोला."

म्हणजे ज्या जिभेने घोटाळा केला तीच त्यांना हवी होती, फक्त त्यांच्या मापात कापून. मी म्हणाले, "नामदेवभाऊ त्याच खोल्यांत परत येतील. पेटी कोणी हलवायची नाही. आणि परीक्षा संपेपर्यंत तरी त्यांना कोणी हात लावायचा नाही."

"कसली परीक्षा?" शेठनी विचारलं.

"तुमची नाही," असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. आयुष्यातलं पहिलंच.

नामदेवभाऊ परत आले. मी नळी पुन्हा बसवली. आणि दर शनिवारी तळेगावहून लोणावळ्याला जाऊन मी तमाशा करू लागले. शेठनी मला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक टोपी आणून दिली होती. पोयाची माशी संपूर्ण काळी असते, तिच्या अंगावर पिवळा पट्टा नसतो. तरी मी टोपी घातली.

पाहुणे विचारायचे. "किंग बी कुठे असतो?" नसतो. "हनी टेस्टिंग आहे का?" नाही. "मग पॉइंट काय?" एका गृहस्थाने नळीकडे बोट दाखवून विचारलं, "याला वायफाय म्हणायचं का, सगळे कनेक्टेड?" आणि स्वतःच हसत सुटला. एका ताईंनी आपण मध खात नाही, माश्यांवर अन्याय होतो, असं सांगितलं आणि पाच मिनिटांनी पायावर बसलेली एक पोयाची माशी चापटीने मारली. अशा प्रत्येक वेळी नामदेवभाऊ चहाचा ट्रे घेऊन माझ्याकडे बघत असायचे, उकळत्या दुधाकडे बघतात तसे. उतू जाते का काय. मी गेले नाही. मी म्हणायचे, "छान प्रश्न आहे." हे तीन शब्द बोलायला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे एकतीस वर्षांत घाट चढायलाही पडले नव्हते.

शकुंतलाबाई पहिले काही शनिवार घरातून बाहेर आल्या नाहीत. मग एकदा भांडी विसळता विसळता थांबून ऐकू लागल्या. त्या दिवशी मी कोठडीत एकदाच अन्न ओतून झाकण लावतात ते सांगत होते. पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी आय वरनं परत बगत न्हाई?"

"नाही."

"मग ते आतल्या आत काय करतं?"

"वाढतं."

त्यांनी खोलीकडे पाहिलं. खिडकीत सायली डोकं खाली घालून लिहीत होती. "बगावं वाटत आसंल की," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जरा वेळाने माझ्यासाठी चहा आला. पाहुण्यांच्या पेल्यात नव्हे, त्यांच्या घरच्या स्टीलच्या कपात.

जानेवारीत मी राणीची कोठडी पेटीत ठेवली. पुढे कितीतरी दिवस काही दिसेना. पहिली राणी बहुधा मीलनासाठी बाहेर उडाली आणि परत आलीच नाही. पक्ष्याने टिपली असेल. मी दुसरी कोठडी आणून ठेवली. शेठ विचारायचे, "अपडेट?" मी म्हणायचे, "चालू आहे." मार्चमध्ये एका सकाळी झाकण उचललं तर मधोमध नव्या कोठड्यांचा रुपयाएवढा पुंजका. त्यावर राणी. पोट फुगायला लागलं होतं, पंख त्यावर अपुरे पडत होते. मी नामदेवभाऊंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, आपला श्वास तिला लागू नये म्हणून तोंडावर हात धरला आणि हळूच विचारलं, "आता ही कुटं जायची न्हाई?"

"आता नाही."

"बरं झालं."

सायलीची परीक्षा संपली. त्याच सुमारास माझ्या माहेरी, नवलाख उंबऱ्याला, माझ्या चुलतभावाने एक खबर दिली. तिथल्या एका कारखान्याला बागेसाठी कायमचा माणूस हवा होता. पगार नियमित, रजा, फंड. मी नामदेवभाऊंचं नाव सुचवलं, पण मुलाखतीला बरोबर गेले नाही. माझ्या तोंडाचा भरवसा नव्हता. त्यांची निवड झाली. सायलीला तळेगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

ते निघाले त्या दिवशी संध्याकाळी, सगळ्या माश्या घरी परतल्यावर, आम्ही पेटीचं दार कापडाने बंद केलं. भिंतीकडची नळी काढली. शेठने पेटी ठेवून घ्यायचा विचार केला होता, पण तिच्यातून मध किती निघेल ते मी खरं सांगितलं आणि त्यांचा उत्साह मावळला. टेम्पोत सामान भरलं. पेटी शकुंतलाबाईंनी मांडीवर घेतली. मला म्हणाल्या, "ताई, बसा की पुढं, सोडतो तळेगावला." मॅडमची ताई झाले ते तेव्हा. घाट नाही, खिंड नाही, सरळ रस्ता, तरी त्या पेटीला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

पावसाळा संपल्यावर शेठचा फोन आला. आवाज चढलेला.

"मॅडम, काय काम केलंत? भिंतीत अजून माश्या आहेत! त्याच भोकातून! नळी पण परत बांधलीये!"

हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगणार होते. त्यांना प्रोसेस नको होती. पेटीत बसली ती दुसऱ्या घरची लेक. या घरची आई भिंतीतच राहिली, तिला जाताच येत नाही.

"असणारच," मी म्हणाले.

"मग त्या जाणार कधी?"

नामदेवभाऊंना कारखान्यात लागून चार महिने झाले होते. आदल्याच आठवड्यात ते कायम झाल्याचं पत्र शकुंतलाबाईंनी मला दाखवलं होतं. तरी मी मनाशी एकदा तपासून पाहिलं, आता माझ्या बोलण्याचा मार खायला या माणसाच्या हाताखाली ओळखीचं कोणी उरलंय का? कोणी नव्हतं.

मी खुर्चीत नीट बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, "शेठ, त्या नाही जाणार. तुमचा धंदा बसेल, बंगला विकाल, तुम्ही जाल."